भाडेकरू गेला, डिपॉझिट राहिलं

"एक पैसा देणार नाही त्याला. जाऊ दे कोर्टात!" महाडच्या एस.टी. स्टँडजवळ, बिरवाडीच्या नाक्यावर किंवा पोलादपूरच्या बाजारात हे वाक्य कानावर पडलं नाही असा मे-जून जात नाही. एमआयडीसीतली कंत्राटं संपतात, शिक्षकांच्या आणि बँकवाल्यांच्या बदल्या होतात, कॉलेजची मुलं परीक्षा आटपून गावी जातात. बिऱ्हाडं हलतात आणि मागे राहतं ते डिपॉझिट. बोलणारा घरमालक असतो आणि त्याचा राग पुष्कळदा खराही असतो. भाडेकरूने दर महिन्याचं भाडं रडतरखडत दिलेलं असतं, मध्यरात्री जिन्यात आरडाओरडा केलेला असतो, पाण्याची मोटर जाळलेली असते आणि जाताना किल्ली शेजारणीच्या हातात टेकवून तो निघून गेलेला असतो. आता त्याचेच आठवड्याला चार फोन: "माझं डिपॉझिट कधी देताय?"

"जाऊ दे कोर्टात" म्हणणाऱ्याच्या मनात एक हिशेब असतो. पंधरा-वीस हजारांसाठी कारखान्यातला पोरगा वकील कुठून लावणार? इथेच तो फसतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग हे त्यात आहेत, ते बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच यादीत औद्योगिक कामगार आहे, आणि पुरासारख्या आपत्तीत सापडलेला माणूसही आहे. म्हणजे एमआयडीसीत पाळीवर जाणारा तुमचा भाडेकरू तालुका विधी सेवा समितीकडे एक अर्ज देऊन वकील मिळवू शकतो. त्याचा वकील फुकट, तुमचा विकत.

सरळ भाडेकरूचं डिपॉझिट चहा पिता पिता परत होतं, त्यासाठी लेख लागत नाही. हा लेख नकोशा झालेल्या भाडेकरूबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच, की माणूस जितका त्रासदायक तितका त्याचा हिशेब लवकर, लेखी आणि पैशा-पैशाने चोख करावा. भाडं बुडवलं असेल तर ते कापता येतं, बेसिन फोडलं असेल तर ते कापता येतं. त्याने वर्षभर जीव खाल्ला याचे पैसे कापता येत नाहीत.

हे मला कुणी शिकवलं नाही, ठेच लागून कळलं. आमच्या खोलीत राहिलेल्या एका जोडप्याचा आम्हाला अतोनात कंटाळा आला होता. ते गेल्यावर बेसिनला तडा दिसला आणि मी दोन हजार कापून घेतले. खरं सांगायचं तर बेसिन हे निमित्त होतं, दोन हजार रागाचे होते. आठ दिवसांनी नवरा आला, मोबाइल काढला आणि राहायला आले त्या दिवशीचे फोटो दाखवले. तडा तेव्हाही तिथेच होता. शेजारी ओट्यावर बसलेले. मी आत जाऊन दोन हजार आणले, त्याने ते सगळ्यांसमोर मोजून घेतले. बरोबर मोजले की नाही हे बघायला मी मान वर केली नाही.

अनामत हा शब्द अरबी 'अमानत'वरून आलेला. विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. आपल्याकडे डिपॉझिट हातात पडलं की ते ठेव राहत नाही, घराचं प्लास्टर होतं, मुलीच्या ॲडमिशनची फी होते. त्यात गैर काही नाही, पण मग भाडेकरू जायची वेळ येते तेव्हा पैसे नसतात, आणि नसलेले पैसे द्यायला लागू नयेत म्हणून माणूस भिंतीवरचे डाग शोधायला लागतो. निम्म्या भांडणांचं मूळ मला इथे दिसतं. दुसऱ्या खात्यात, निदान पोस्टात, ती रक्कम बाजूला ठेवता आली तर पुढचं बहुतेक सगळं सोपं होतं. नव्या भाडेकरूकडून घेऊन जुन्याला देण्याची पद्धत सर्रास आहे. नवा मिळाला नाही की ती कोलमडते. आणि "नवीन माणूस आला की देतो" हे उत्तर जुन्या भाडेकरूच्या दृष्टीने उत्तरच नसतं, कारण तुमच्या खोलीला गिऱ्हाईक मिळवून देणं त्याच्या करारात नव्हतं.

कापायचं काय, हा खरा प्रश्न. थकलेलं भाडं कापता येतं, तो राहत होता तोपर्यंतचं लाईटबिल आणि पाण्याचा आकार कापता येतो, वापराच्या झिजेपलीकडे जाऊन त्याने मोडतोड केली असेल तर दुरुस्तीचा खर्च कापता येतो. करारात एक महिन्याची नोटीस लिहिली असेल आणि तो न सांगता गेला असेल, तर त्याचीही भरपाई मागता येते. मात्र इथे थांबून विचार करा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या आतली. "मुदतीआधी खोली सोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त" हे वाक्य छापील करारात दिसतं म्हणून तीस हजार खिशात टाकता येत नाहीत. तो गेल्यावर दहाव्या दिवशी दुसरं बिऱ्हाड आलं असेल, तर तुमचं नुकसान दहा दिवसांचं झालं. तेवढंच कापा.

झीज कुणाची, यावर मात्र मला जरा रेंगाळायचं आहे, कारण कोकणातली झीज ही देशावरच्या झिजेसारखी नसते. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो तो जाता जात नाही. जांभ्याची भिंत पाणी पिते, स्लॅबच्या कोपऱ्यातून ओल उतरते, रंगाचे पोपडे सुटतात, दारं फुगून चौकटीत बसेनाशी होतात, कपाटाच्या पाठीला बुरशी धरते. ऑगस्टमध्ये खोली पाहिली तर कुणालाही वाटेल की इथे माणसं राहत नव्हती. मालक म्हणतो, "घराची काय दशा करून ठेवलीय!" अहो, ती दशा तुमच्या आमच्या पावसाने केली. भाडेकरूने खिडक्या बंद ठेवल्या, आत कपडे वाळत घातले म्हणून बुरशी थोडी वाढली असेल. पण जुलैत पोलादपुरात कपडे वाळवायचे कुठे? वरून गळणाऱ्या पत्र्याची, कौलांची, स्लॅबची ओल भाडेकरूच्या नावावर टाकू नका.

रंगाचंही तसंच. चुना असो की डिस्टेंपर, रंगाला आयुष्य असतं. समजा तुम्ही रंग काढला आणि तो चार वर्षं टिकतो असं धरलं. भाडेकरू तीन वर्षं राहिला. मुलांनी भिंतीवर पेनाने रेघोट्या ओढल्या म्हणून तुम्ही पूर्ण खोलीच्या रंगाचे आठ हजार कापलेत, तर त्यातल्या सहा हजारांचा रंग तसाही झिजलेला होता. फार तर उरलेल्या एका वर्षाच्या हिश्शाचं बोला. कॅलेंडरचे चार खिळे, स्वयंपाकाच्या ओट्यामागचा तेलकटपणा, फरशीवर फ्रिज सरकवल्याची रेघ, नळाचा गेलेला वॉशर ही झीजच. फुटलेला कमोड, उखडलेला स्विचबोर्ड, न विचारता भिंतीला पाडलेलं भोक, हरवलेल्या किल्लीमुळे बदलावं लागलेलं कुलूप हे नुकसान. मधल्या गोष्टींवर वाद होईल तेव्हा मी म्हणेन, पाचशे रुपयांसाठी हट्ट सोडा. तो हट्ट दोन वर्षांनी तारखेला उभं राहताना महाग पडतो.

महाडच्या घरमालकाला एक प्रश्न असा आहे जो पुण्या-नागपुरातल्या मालकाला कुणी विचारत नाही. पुराचं काय? सावित्री आणि गांधारीच्या कुशीत बसलेलं हे गाव २००५ च्या जुलैत बुडालं आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा बुडालं. पाणी ओसरल्यावर बाजारपेठेतल्या गाळ्यांमधून गाळ उपसायला दिवसचे दिवस गेले. शटर वाकली, वायरिंग गेलं, भिंतींचं प्लास्टर उतरलं. अशा वेळी जागा सोडून जाणाऱ्या दुकानदाराच्या डिपॉझिटमधून हे सगळं कापता येईल का?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ भाडेपट्ट्याच्या बाबतीत याचं उत्तर देतं. भाडेकरूने जागा जशी घेतली तशी परत करायची, पण दोन अपवाद सोडून: एक वाजवी झीज, दुसरा माणसाच्या आवाक्याबाहेरच्या शक्तीने झालेला बदल. सावित्रीचं पाणी या दुसऱ्या अपवादात बसलं नाही तर दुसरं काय बसणार? याच कलमात असंही आहे, की आग, वादळ, पूर यांनी जागा कायमची निकामी झाली तर भाडेपट्टा चालू ठेवायचा की नाही हे भाडेकरूने ठरवायचं. आपल्याकडचे बहुतेक करार भाडेपट्ट्याचे नसून लिव्ह अँड लायसन्सचे असतात, त्यांना हे कलम थेट लागत नाही. तरीही वाजवी काय याचं मोजमाप म्हणून ते वापरायला हरकत नाही. पुराच्या पाण्याने उतरलेलं प्लास्टर मालकाचं. दुकानदाराचा भिजलेला माल दुकानदाराचा. मालाची भरपाई तो तुमच्याकडे मागायला लागला तर त्याला नम्रपणे नाही म्हणा, पण त्याच दमात त्याच्या डिपॉझिटवर हात ठेवू नका. गाळ काढायच्या मजुरीवर दोघांनी निम्मं-निम्मं करणं हा कायदा नाही, शेजारधर्म आहे. करार लिहितानाच ही एक ओळ घालून ठेवली तर शेजारधर्माची परीक्षा होत नाही.

पुराचा आणखी एक धडा आहे, तो कागदांचा. २०२१ मध्ये किती घरांतले करार, पावत्या, भाड्याच्या वह्या लगदा होऊन गेल्या असतील याची कल्पना करा. ज्यांचा करार नोंदणीकृत होता त्यांना दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळू शकत होती. ज्यांनी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर टाईप करून नोटरीचा शिक्का मारून घेतला होता त्यांच्यापाशी फक्त दोघांची आठवण उरली, आणि डिपॉझिटच्या बाबतीत दोघांची आठवण कधी जुळत नाही.

"अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटला नोंदणी लागत नाही" हा समज आपल्या भागात इतका घट्ट बसलाय की तो सांगणाऱ्यालाही कुणी कागद विचारत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिने की तेहेतीस, याने फरक पडत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी मेख त्याच कलमात पुढे आहे. नोंदवलेला लेखी करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होत नाही तोवर. तुम्ही वीस हजार घेतले; तो म्हणाला, "तीस दिले होते, दहा रोख दिले." सिद्ध करा आता. हा कायदा राज्यातल्या ठरवून दिलेल्या क्षेत्रांना लागू असतो. आपली वाडी त्यात येते का याचा काथ्याकूट करण्यापेक्षा नोंदणी करून मोकळं व्हावं हे बरं. खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर दहा टक्के दराने काढलेलं व्याज धरायचं. नोंदणी फी शहरी भागात हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे आता ऑनलाइनही होतं, एजंट घरी मशीन घेऊन येतो. एजंटाची मजुरी धरूनही एका बेसिनच्या भांडणाहून स्वस्त.

आता समजा, झालं ते झालं. करार जसा आहे तसा आहे आणि भाडेकरू निघालाय. शेवटच्या दोन महिन्यांत तो एक वाक्य हमखास टाकतो: "भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या." हे सोयीचं वाटतं, म्हणून मालक मान डोलावतात. मग तो जातो, आणि महिनाभराने महावितरणचं बिल येतं ते कशातून भरायचं? मीटर तुमच्या नावावर, थकबाकी तुमच्या डोक्यावर. तेव्हा वळतं करायचंच असेल तर एक महिन्याचं करा, तेही मोबाइलवर लिहून कळवा, आणि लाईटबिलापुरती रक्कम शिल्लक ठेवा.

जायच्या दिवशी समोर हजर राहा. आपल्याकडे घरमालक अनेकदा मुंबईत, डोंबिवलीत असतो. पोलादपूरचं घर भाड्याने दिलेलं आणि किल्ली चुलत्याकडे. भाडेकरू जूनमध्ये जातो आणि मालक फोनवर म्हणतो, "गणपतीत आलो की बघू." गणपतीपर्यंत तीन महिन्यांचा पाऊस त्या रिकाम्या खोलीत राहून गेलेला असतो. सप्टेंबरात दिसलेली ओल, उंदरांनी कुरतडलेली वायर, गंजलेला नळ यातलं जूनमध्ये काय होतं हे देवालाच माहीत. स्वतः येता येत नसेल तर चुलत्याला, भावाला, कुणालातरी लेखी अधिकार द्या, आणि दोघांसमोर खोली फिरून मोबाइलवर एक सलग व्हिडिओ करा: दार उघडण्यापासून मीटरच्या आकड्यापर्यंत. मीटरचा फोटो वेगळा काढा. मागच्या बिलातला आकडा आणि हा आकडा यांतला फरक काढला, की बिलाची वाट न बघता रक्कम अंदाजता येते. किल्ल्या किती मिळाल्या तेही लिहा. भाडेकरू फिरायला तयार नसेल, चिडून निघून जात असेल, तर जाऊ द्या. एखाद्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन तुम्ही फिरा आणि खाली त्याची सही घ्या.

मग आठ-दहा दिवसांत, जास्तीत जास्त महिन्याच्या आत, हिशेबाचं पत्र. करारात परतीची मुदत लिहिली असेल तर ती पाळा. पत्रात सहा महिन्यांच्या तक्रारी लिहू नका. पत्र असं असावं:

"आपण दिनांक १० जून रोजी आमची खोली रिकामी करून दोन किल्ल्या दिल्या. आपली अनामत रक्कम रु. २०,०००. त्यातून जून महिन्याचं १० दिवसांचं भाडं रु. १,५००, १० जूनपर्यंतचं वीजबिल रु. ६४०, फुटलेलं बेसिन बदलण्याचा खर्च रु. १,८५०, बिल सोबत जोडलं आहे. एकूण वजा रु. ३,९९०. उरलेली रक्कम रु. १६,०१० आपण करारात दिलेल्या बँक खात्यावर आज जमा केली आहे. यातल्या कोणत्याही वजावटीबद्दल आपली हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी कळवावी."

एवढंच. "आपल्या वागणुकीमुळे आम्हास जो मनस्ताप झाला" हे वाक्य पत्रात घालायची फार इच्छा होते. मलाही व्हायची. ते एका वेगळ्या कागदावर लिहून फाडून टाकावं. पत्र उद्या न्यायाधीशांसमोर ठेवलं जाऊ शकतं असं समजूनच लिहा, कारण ते खरंच ठेवलं जातं. व्हॉट्सॲपवरचे निरोपही तसेच, तेव्हा रात्री अकराला आलेल्या शिवीला अकरा वाजून एक मिनिटाने उत्तर देऊ नका.

वर जो नमुना दिलाय त्यात एक गोष्ट मुद्दाम आहे: पैसे आधी जमा केलेत, सही मागितलेली नाही. पुष्कळ मालक "हिशोब पूर्ण, कोणतीही बाकी नाही असं लिहून दे, मग पैसे" असं अडवतात. भाडेकरू वजावट मान्य करत नसेल तर तो सही करत नाही, मग तुम्ही सोळा हजारही देत नाही, आणि चार हजारांचा वाद वीस हजारांचा होतो. ज्या रकमेबद्दल वादच नाही ती ताबडतोब द्या. त्याला "हरकत राखून स्वीकारले" असं लिहायचं असेल तर लिहू द्या. त्याने काही बिघडत नाही.

पैसे बँकेतून द्या. वीस हजार आणि त्यावरची ठेव रोखीने घेण्या-देण्यावर प्राप्तिकर कायद्याची बंधनं आहेत. भाड्याचं डिपॉझिट त्यात येतं की नाही यावर वकील खुशाल वाद घालोत, आपण त्या वादाचा विषय कशाला व्हायचं? शिवाय रोख दिल्याचा पुरावा सही, आणि सही नाकारणाऱ्या माणसाबद्दलच आपण बोलतोय. खातं माहीत नसेल, तो देत नसेल, तर अकाउंट पेयी चेक आणि हिशेबाचं पत्र त्याच्या शेवटच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून लखोटा परत आला तर तो फोडू नका. तसाच ठेवा. करार कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे तुम्ही योग्य रीतीने देऊ केलेली रक्कम समोरच्याने नाकारली, तर न दिल्याचा ठपका तुमच्यावर येत नाही. तो बंद लखोटा तुमचा साक्षीदार असतो. चेकची मुदत मात्र तीन महिन्यांची, त्यानंतर त्याने मागितले तर नवा द्यावा लागेल.

एमआयडीसीच्या आसपास पैसे द्यायचे कुणाला, हाच मोठा घोळ असतो. एका खोलीत सहा-सात मुलं राहतात, उत्तर प्रदेशातली, बिहारमधली, ओडिशातली. डिपॉझिट ठेकेदाराने दिलेलं असतं. मुलं गावी जाताना म्हणतात, "आमच्या पगारातून कापलं होतं, आम्हाला द्या." ठेकेदार म्हणतो, "मी दिलं, मला द्या." मुलांचं म्हणणं खरं असायची शक्यता पुष्कळ, आणि माझी सहानुभूतीही त्यांच्याकडे आहे. तरी तुमच्या पावतीवर ज्याचं नाव त्यालाच पैसे द्यावे लागतात. दुसऱ्याला दिले तर पहिला पुन्हा मागायला मोकळा. मुलांच्या हाती द्यायचे तर ठेकेदाराचं लेखी संमतिपत्र घ्या. कंपनीने अधिकाऱ्यासाठी ब्लॉक घेतला असेल तर डिपॉझिट कंपनीच्या खात्यावर जातं, साहेबांच्या नाही. आणि यापुढे खोली देताना मुलांकडून थेट, एकेकाच्या नावाने पावती करून डिपॉझिट घ्या. ते जास्त कटकटीचं आहे, पण जाताना एकेकाचा हिशेब एकेकाशी होतो.

सामान टाकून गेलेल्याची वेगळी डोकेदुखी. गादी, पत्र्याची पेटी, मोडका कूलर. ते भंगारात घालू नका आणि डिपॉझिटमध्ये 'साफसफाई पाच हजार' असंही लिहू नका. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ प्रमाणे लायसन्स संपलं तरी सामान न्यायला वाजवी वेळ द्यावा लागतो. दोन शेजाऱ्यांसमोर यादी करा, फोटो काढा, न्यायला या म्हणून मुदतीचं पत्र पाठवा. आणि मुदत संपूनही जो जातच नाही, त्याचं पाणी-लाईट तोडायच्या भानगडीत पडू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. तिथे पुन्हा नोंदवलेला करारच कामाला येतो.

एवढं करूनही तो ऐकत नसेल, तर पोलिस ठाण्यात दोघांनी एकमेकांविरुद्ध अर्ज देण्यात दिवस घालवू नका. डिपॉझिटचा वाद दिवाणी आहे, ठाण्यात फार तर समजावून सांगतील. खेड्यात असाल तर २००७ पासूनची तंटामुक्त गाव समिती ही पहिली पायरी, जिथे ती नावापुरती उरलेली नाही तिथे. नाहीतर तालुका विधी सेवा समितीकडे जाऊन प्रकरण दाखल होण्याआधीच लोकअदालतीत ठेवायला सांगा. हे दार भाडेकरूसाठी उघडं आहे तसं तुमच्यासाठीही आहे. तिथे तडजोड झाली की तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं वजन असतं आणि अपील नसतं, म्हणजे दोघेही सुटले. तिथे जाताना किती कमी-जास्त करायची तयारी आहे हे घरून ठरवून जा.

पैशाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. तेवढा काळ करार, व्हिडिओ, मीटरचा फोटो, बेसिनचं बिल, बँकेची नोंद आणि तो न फोडलेला लखोटा एका फाइलीत जपून ठेवा. महाडच्या बाजारपेठेत राहत असाल तर ती फाइल तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नका.